रुमालाखालचं मतदान

भरवसा कुणावर ठेवायचा, सांगा बघू? निपाणीच्या तंबाखू पेठेत उभी हयात गेली, मला अजून उत्तर सापडलेलं नाही. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं माणसांनी शिकवलं. पेठेतली लाचलुचपत थांबवायला सरकार कायदा करणार होतं आणि कलमं आमच्याकडून मागवली होती. त्या महिन्यात इतके किस्से साठले, की काही सांगताना आजही मागं वळून बघतो.

*

कमिटीत मत देणारे आम्ही सहा जण. सातवे अध्यक्ष तात्या, त्यांना मत नाही. लिहायचं काम माझ्याकडं.

पहिल्याच बैठकीला एक अडत्या पेढे घेऊन आला. "लाच न्हाय, प्रसाद हाय."

तात्यांनी कलम सांगितलं, 'प्रसादही लाच समजावी.' मग पेढा तोंडात टाकला. "कायदा अजून झाला न्हाय की."

*

तक्रारींसाठी कुलपाची पेटी ठेवली, किल्ली माझ्या कमरेला. सोमवारी एकच चिठ्ठी निघाली: 'परशानं नाक्याच्या कारकुनाला कोंबडा दिला.'

गाडीवान परशाला बोलावून विचारलं, तर त्याचा चेहरा उतरला. "दिला न्हाय, अण्णा. उद्या देणार हुतो. पर हे मी बायकूलाबी बोललो न्हाय."

*

मग एका शेटच्या वखारीत तराजू तपासायला गेलो. सोबत बाळगोंडा तोलार, म्हणजे माल तोलणारा. शेट म्हणाले, "आमचं वजन खरं." रिकामं पारडं खाली गेलं. पुन्हा म्हणाले, पुन्हा गेलं.

"वारा हाय," शेट म्हणाले. दारं बंद होती.

"व्हय," बाळगोंडा म्हणाला, "दीड शेराचा वारा."

त्या दिवसापासून त्याला कुणी काम देईना.

*

म्हणून कलम आलं: तोलार पेठेनं नेमावा, व्यापाऱ्यानं काढू नये. मंजूर झालं तर बाळगोंडा राहणार. नाहीतर बिऱ्हाड उचलून संकेश्वरला मेहुण्याच्या दारात.

शेटच्या विरुद्ध उघड कोण बोलणार? आमच्याकडं भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो, तसंच मत द्यायचं ठरलं. एक बोट म्हणजे हो, मूठ म्हणजे नको. चोरून देणंघेणं थांबवायला बसलेले आम्ही मतंही चोरूनच देत होतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

भर दुपारी मेजावर उपरणं पसरलं. सहा उजवे हात आत गेले. तात्यांनी चाचपलं. "नको तीन. हो चार."

"तात्या, आमी सहा हाय."

तात्यांनी पुन्हा हात घातला. "ह्यो बघा, धरला. कुणाचा?"

आम्ही सहाही जणांनी हात बाहेर काढले आणि दोन्ही हात मेजावर ठेवले. बारा. बाळगोंडा दारात हात जोडून उभा. उपरणं मात्र तात्यांच्या मनगटापुढं अजून उचललेलं.

"सोडा की, तात्या."

"मी कुठं धरलंय? त्यानं धरलंय. लई गार हाय रं. लिव्ह लवकर."

मी लिहिलं, मंजूर. उपरणं हळूहळू सपाट झालं.

कागद बेळगावला गेला, कुणी काही विचारलं नाही. बाळगोंडा पेठेतच राहिला. बैठकांची ही वही आता तुमच्या हाती देतोय. नक्कल कराल तेव्हा हिशोब प्रामाणिक ठेवा: मतं देणारे सहा, विरुद्ध तीन, बाजूनं चार. बेरीज जुळवायला जाऊ नका.