नापास मॉलिक्यूलचं भरीत

मरणाच्या दारात असलेल्या बाईशी खोटं बोलायचं, असं आमच्या अख्ख्या लॅबने ठरवलं होतं.

बोलायचं काम माझ्यावर आलं. आक्कांची लाडकी मी. आणि थापा मारताना चेहरा सरळ ठेवता येतो, तोही फक्त मला.

आज आक्कांना जाऊन वर्ष झालं. आता सांगायला हरकत नाही.

कॉलेजच्या पाटीवर त्या डॉक्टर, प्रोफेसर वगैरे होत्या. माहेर रावेरकडचं, बोलणंही तिकडचंच. जळगावात आम्हा सगळ्यांच्या आक्का.

टीबीच्या जंतूला जगायला एक प्रोटीन लागतं. ते बंद पाडणारं मॉलिक्यूल शोधायचं, हे आमचं काम.

मी कॉम्प्युटरवर एकेक मॉलिक्यूल त्या प्रोटीनच्या खाचेत बसवून बघायची. ज्यांचा स्कोर चांगला, ती आक्कांच्या टेबलावर.

स्कोर बघून त्या म्हणायच्या, "पत्रिका तं झ्याक जुळली वं पोरी. आता संसार बघू."

संसार त्यांच्या टेस्ट ट्यूबमध्ये व्हायचा. तिथे माझी एकूण एक स्थळं मोडली.

मे महिन्यात जळगावात माणसं वितळतात, तिथे प्रोटीनची काय कथा. लॅबची लाईट गेली की आक्का प्रोटीनचा बर्फातला डबा स्कूटीवर पायाशी ठेवायच्या आणि थेट घरच्या फ्रीजमध्ये.

एकदा सुनेने आमरसाचं पातेलं ठेवायला तो डबा बाहेर काढला. महिनाभराची मेहनत ओट्यावर उकडली.

आक्का दोन वाट्या आमरस जेवल्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू. सुनेला एक शब्द नाही. आम्हाला मात्र आठवडाभर आमरसाचं नाव काढायची बंदी.

त्यांचा एक नियम होता. मॉलिक्यूल नापास झालं की पार्टी.

थंडीत असेल तर भरीत. हिरवी-पांढरी मोठी वांगी, तुरीच्या काड्यांवर भाजलेली, वर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. उन्हाळ्यात नापास झालं तर शेवभाजीवर भागवायचं.

मी एकदा विचारलं, "आक्का, आणि पास झालं तर?"

"पास झालं तं काम वाढतं. जेवायले वेळ कोनाले?"

आणि नापास करायचं त्यांचं हत्यार म्हणजे साबण.

काही मॉलिक्यूल महा लबाड असतात. खाचेत बसतच नाहीत, नुसता गठ्ठा करून प्रोटीनला चिकटतात. प्रोटीन बंद पडतं आणि आपल्याला वाटतं, सापडलं औषध! लॅबमधलं डिटर्जंट थेंबभर टाकलं की गठ्ठा फुटतो, आणि लबाडीही. आक्का त्याला सरळ साबणच म्हणायच्या.

गेल्या वर्षी माझं एक मॉलिक्यूल सगळ्यांच्या पुढे गेलं. प्रोटीन बंद. पुन्हा करून बघितलं, पुन्हा बंद.

माझ्या वडिलांनी, नानांनी, पहूरला अर्ध्या गावाला सांगून टाकलं की आमच्या पोरीने टीबीवर औषध शोधलं. गावातल्या मंडळाने शाल-नारळाची तयारी केली.

आक्का तेव्हा दवाखान्यात होत्या. तिथून फोन आला. "साबन टाकल्याबिगर शाल घ्यायची नाही."

टाकला.

मॉलिक्यूल तिथल्या तिथे ढेपाळलं.

डॉक्टरांनी घरच्यांना कल्पना देऊन ठेवली होती. आक्का या एका निकालासाठी थांबल्यात, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. म्हणून ठरलं. सांगायचं की पास झालं. समाधानाने जाऊ दे त्यांना.

मी उशाशी जाऊन बसले.

"आक्का, निकाल आला. मस्त आलाय."

त्यांनी डोळे उघडले.

"साबन टाकला?"

"हो."

"मंग?"

एवढंच विचारलं. आयुष्यभर टेस्ट ट्यूबकडे बघायच्या तसं माझ्याकडे बघत होत्या. आणि माझा तो सरळ चेहरा ऐन वेळी दगा देऊन गेला. मी रडायलाच लागले.

"नापास का?"

"नापास."

आक्का हसल्या. सलाईन लावलेल्या हाताने माझा हात थोपटला.

"अवं, मंग रडतं काय? खोटं औषध कोनाच्या पोटात गेलं असतं तं? सांग, भरीत कोन करू राह्यलं?"

मी म्हटलं, "मी करते."

"मह्या वाट्याचं बी तूच खाय. अन् मीठ बघून टाक."

त्याच आठवड्यात गेल्या.

तेराव्यानंतर आम्ही लॅबच्या सगळ्यांनी मिळून भरीत केलं. मीठ जास्त झालं. सगळ्यांनी पाणी पीत पीत संपवलं. मी त्यांच्या वाट्याचंही खाल्लं, रडत रडत.

आक्का, तुमच्या हयातीत एकही मॉलिक्यूल साबणाच्या पुढे गेलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. तुम्हाला वाटायचं नाही, मला वाटतं.

आज वर्षश्राद्ध म्हणून काल संध्याकाळीच वांगी आणली होती. काड्याही आणल्या. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आणि आज सकाळी नवीन मॉलिक्यूलमध्ये साबण टाकला.

टिकलं.

पुन्हा टाकला. टिकलं. तिसऱ्यांदा मी बाजूला झाले आणि दुसऱ्या मुलीला टाकायला लावला, माझ्या हाताचा भरवसा नको म्हणून. टिकलं, आक्का.

या वेळी नानांना सांगितलेलं नाही. जंतूवर बघायचं बाकी आहे, उंदरावर बाकी आहे, माणूस तर फारच लांब. भरीत खायचे पुष्कळ दिवस येतील अजून.

पण आजचा नाही. तुमचाच नियम.

वांगी लॅबच्या टेबलावर तशीच पडलीत. दुपार उलटली, सगळे कामाला लागलेत आणि कुणाचंच जेवण झालेलं नाही.

आक्का, भरल्या डोळ्यांनी आणि रिकाम्या पोटाने तुम्हाला श्रद्धांजली.