आईला ठेवायचं की काढायचं

आमच्या धाकट्या लेकीला घरात सगळे घुमी म्हणतात. लहानपणी पाहुणे आले की ती टेबलाखाली जाऊन बसायची आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ते गेल्यावर मला द्यायची. अशी मुलगी पुढे माणसांचं बोलणं लिहील आणि ते विकत घ्यायला दोन दोन ठिकाणांहून बोलावणी येतील, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

घुमी कवळ्या करते. दातांच्या डॉक्टरांकडून लॅबमध्ये जबड्यांचे ठसे येतात. त्यावरून ही प्लास्टरचे जबडे ओतते आणि मेणात एकेक दात बसवते. तिच्या टेबलावर जबडे ओळीने मांडलेले असतात. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा ते सगळे मिळून मलाच हसताहेत असं वाटलं होतं. तिचे बाबा येईल त्याला सांगतात, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ना? आमची बघा, दात करून भरते." घुमीने हे इतक्यांदा ऐकलंय की आता ती वरसुद्धा बघत नाही.

तिच्या कामातली एक गोष्ट मला फार आवडते. कवळी पक्की करण्याआधी मेणात बसवलेले दात एकदा त्या माणसाच्या तोंडात घालून बघतात आणि त्याला साठपासून पुढचे आकडे म्हणायला लावतात. साठ, एकसष्ट, बासष्ट. 'स' म्हणताना शिट्टी वाजली तर दात जरा सरकवायचा. कवळी एकदा शिजून कडक झाली की मग नुसती घासाघीस उरते. "मेणात आहे तोवर काय ते बोला," असं लॅबच्या मालकीणबाई डॉक्टरांना फोनवर दरडावतात.

घुमीची पटकथा यातूनच निघाली. एक म्हातारे निवेदक आहेत, जन्मभर आवाजावर जगलेले. नव्या कवळीने त्यांचं बोलणं बोबडं होतं आणि ते माणसांत जायचं सोडतात. कवळी करणारी मुलगी रोज संध्याकाळी चोरून त्यांच्या घरी जाते, कवळी जरा जरा घासून नीट बसवून देते, त्यांच्याकडून शब्द म्हणवून घेते. लॅबच्या माणसाने पेशंटला हात लावायचा नसतो, त्यामुळे लॅबला कळलं तर नोकरी जाणार. घरी आईला ती ओव्हरटाइम सांगते. आई दाराची कडी तीन वेळा बघणारी, रोज नवा प्रश्न विचारणारी. शेवटी आई तिच्या मागोमाग जाते आणि जिन्यातच थांबते, कारण वरून त्या म्हाताऱ्याचा आवाज येत असतो, स्वच्छ.

ही आई कुठून आली ते मी विचारलं नाही. आमच्या दाराला कडी एकच आहे.

पटकथा एका स्पर्धेत वाचली गेली आणि दोघांनी ती मागितली. एक मोठी कंपनी. काचेचं ऑफिस, न्यायला गाडी, तिघं जण एकाच वेळी गोड बोलणारे. पैसे भरपूर, शूटिंगची तारीखसुद्धा ठरलेली. दुसरी एक बाई. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या फिल्म एडिट करत आलेली, आता स्वतःची करू बघणारी. तिचं ऑफिस टायरच्या दुकानावर. खुर्च्या दोन, त्यामुळे घुमीबरोबर मी गेले तेव्हा ती स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर बसली. पैसे तिचा रंगाचं दुकान चालवणारा भाऊ घालणार होता. तेही धंद्यातून सुटले तर.

"मी यातली ओळही हलवणार नाही," ती म्हणाली. "पण फिल्म कधी होईल, आणि होईल की नाही, ते मी खोटं सांगणार नाही."

खरं बोलते म्हणून मला ती आवडली आणि त्याच कारणासाठी घरी येताना मी कंपनीचे पैसे मनात मोजायला लागले.

कंपनीला सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. शनिवारी त्यांनी सुचवलेले बदल आले. जेवणाच्या टेबलावर घुमी म्हणाली, "त्यांना आई नकोय."

"म्हणजे?"

"पहिल्याच दृश्यात आई मेलेली. भिंतीवर फोटो. म्हणे आईच्या काळजीने गोष्ट अडते. तिच्या जागी म्हाताऱ्याचा नातू येणार, देखणा."

बाबा पाणी पिता पिता थांबले. "अगं, तुला मारायला निघालेत की!"

"मारू देत," मी म्हणाले. "फोटो तरी चांगला लावा म्हणावं. पैसे देताहेत, फिल्म होणार आहे. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं नाही."

"मोठं घर, पोकळ वासा," बाबा म्हणाले.

"आणि टायरच्या दुकानावरचं काय भरीव आहे हो?"

मला मनापासून तसंच वाटत होतं. घुमी पस्तिशीला आली. त्या मेणाच्या वासात आणि प्लास्टरच्या धुरळ्यात तिला खोकला लागतो. पहिली पटकथा पडून राहिली तर ती दुसरी लिहिणार नाही, हे मला तिच्या जेवण्यावरूनच कळत होतं. त्यापुढे कागदावरच्या एका आईची काय मातब्बरी!

रविवारी सकाळी घुमीने टेबल पुसलं आणि आम्हा दोघांना बसवलं. "मेणात आहे तोवर वाचून बघू," म्हणाली. "आधी माझं, मग त्यांचं. मोठ्याने."

ती मुलगी झाली, बाबा निवेदक, आणि मला अर्थातच आई दिली. बाबांनी बोबडं बोलायला इतका जोर लावला की चष्मा चहात पडला. मी आईचे संवाद वाचायला लागले. जेवलीस का, पोचल्यावर फोन कर, कुठे चाललीस, कोण कोण आहे, छत्री घेतलीस का. दोन पानांनंतर मला माझाच कंटाळा आला.

"काय गं ही बाई! हिला दुसरं काही सुचत नाही?"

"नाही," घुमी म्हणाली. "वाच तू."

मग कंपनीचं वाचलं. आता मला वाचायला काही नव्हतं, म्हणून दृश्यांची वर्णनं माझ्याकडे आली. भिंतीवर आईचा फोटो. मुलगी पिशवी भरते. मुलगी आरशात बघते. मी वाचत गेले. नातू देखणा हवा होता, पण बाबांनी तोही वाचला आणि अजिबात देखणा वाटू दिला नाही. तरी गोष्ट पळत होती, हे कबूल करायला हवं. मला वाटलं, बरंय की, चटपटीत आहे.

मग मी वाचलं, "संध्याकाळ. मुलगी बूट घालते, दार उघडते, बाहेर पडते."

पुढची ओळ घुमीची होती. नातू रस्त्यात भेटतो, त्याच्याशी मुलगी बोलते ती. ती वाचेना. बाबांनी कागदावरून मान वर केली आणि अगदी सहज, त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "कुठे चाललीस?"

ते कागदावर नव्हतं. त्यांच्याही लक्षात आलं. "अरे, हे माझं नाही," ते म्हणाले आणि पुढचं पान शोधायला लागले.

घुमी त्यांच्याकडे बघत राहिली. मी माझ्या हातातली पानं चाळली. ती मुलगी त्या फिल्मभर जात होती, येत होती, आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. खोटं बोलायला तिला माणूसच उरलं नव्हतं. मग ती लपवतेय काय आणि कुणापासून? आणि जिन्यात थांबणार कोण?

"शिट्टी वाजतेय," मी म्हणाले.

"हो ना," घुमी म्हणाली.

सोमवारी जेवायच्या सुट्टीत घरी येऊन तिने कंपनीला फोन केला. इतके पैसे नाकारणारी मुलगी काहीतरी तडफदार बोलेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "नाही हो, आई ठेवायची आहे," आणि त्यांचं ऐकून घेऊन परत तेच म्हणाली. मग टायरच्या दुकानावर गेली. मीही गेले, कारण एक अट मी घातलीच. दोन वर्षांत शूटिंग सुरू झालं नाही तर पटकथा घुमीला परत. ती बाई कट्ट्यावरून हसली. "लिहा तुम्हीच. तुमच्यासारखी अट घालणारी आई आम्हा भावंडांनाही हवी होती."

त्याला आता वर्ष होत आलं. रंगवाल्याचे पैसे अर्धे आलेत, अर्धे येताहेत. माझी झोप अजूनही अधूनमधून मोडते आणि मग मी अशी लिहीत बसते. चूक झाली की काय, हे मला खरंच ठाऊक नाही. घुमी रोज लॅबला जाते, खोकते, आणि काहीतरी नवं लिहितेय, ते दाखवत नाही.

मध्यंतरी मी ठरवलं होतं की तिला आता विचारायचं नाही. पस्तिशीची बाई, किती पिडायचं. आज संध्याकाळी ती निघाली तेव्हा मी पेपरात डोकं घालून बसले. तिने बूट घातले. पिशवी घेतली. दार उघडलं आणि तिथेच उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "विचार ना."