मनगटापासून जमिनीपर्यंत

खरं कळल्यावर मुलगा भूपेश आपल्यावर पुन्हा विश्वास ठेवेल का, ही काळजी सोळा दिवस रंजीताच्या मागे लागली होती. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, सोयाबीनच्या पोत्यांवर ताडपत्री ओढतानासुद्धा.

सोळा दिवसांपूर्वी तिचे सासरे नानाजी सकाळचा चहा पिऊन पडवीत आडवे झाले, ते उठलेच नाहीत. तेरवीही झाली. राजुऱ्याचे, चिमूरचे सोयरे जेवून गेले. आणि ज्या नातवाला त्यांनी खांद्यावर बसवून वाढवलं, त्याला बंगळुरूत अजून एवढंच ठाऊक होतं, की आबाजी जरा खोकतात, बाकी बरे आहेत.

हे त्याला रंजीतानेच सांगितलं होतं.

"गुरवारी त्याचं काम पाह्यणार हायेत मोठे सायब," नानाजींना ओसरीवर निजवलेलं असताना नवरा लटारू तिला बाजूला घेऊन म्हणाला होता. "आता सांगशीन तर तो आहे तसा निघून येईन. सहा महिन्याची मेहनत पाण्यात. शुक्रवारी सांगू."

गावातही हे कुणाला वावगं वाटलं नाही. परीक्षेच्या, मुलाखतीच्या तोंडावर लेकराला घरचं मरण कळवायचं नाही, ही इकडची रीतच. अख्खं गाव तोंड मिटून बसतं. पण गुरुवारचं पाहणं आठवडाभर पुढे गेलं, मग आणखी सहा दिवस. शुक्रवार काही उजाडला नाही.

भूपेशचं काम गावात कुणाला धड समजत नसे. "गोल्फच्या काठ्या बनवते," असं लटारू सांगे, आणि ऐकणारा विचारी, "काठ्या बनवाले बंगळूर काऊन लागते? आपल्या जंगलात काय कमी हायेत?"

खरं तर ती विद्या त्याने जंगलातल्या लाकडावरच मिळवली होती. नानाजी शेतकरी, पण पंचक्रोशीत कुऱ्हाडीचा, फावड्याचा दांडा बसवावा तर त्यांनीच. धावड्याचं लाकूड, रंधा आणि गोठ्याशेजारची एक खोपडी, एवढाच पसारा. माणूस आला की त्याला चपला काढून खोपडीत उभं करायचे. हत्यारं ठेवलेल्या जागी चपला नेत नाहीत, दसऱ्याला तिथेच पूजा असते. मग म्हणायचे, "हात सैल सोड. माह्याकडे पाहू नको, तिकडं झाडाकडं पाह्य." मनगटाच्या रेषेशी कोळशाने दाराच्या चौकटीवर खूण करायची आणि शेजारी नाव. उंची ते कधी मोजत नसत. "उंची सांगताना माणूस छाती फुगवते. मनगट बिचारं जिथल्या तिथं रायते."

तीस वर्षांत ती चौकट खुणांनी भरून गेली. हंगामात दांडा मोडला तर माणसाला बोलवायची गरज नसे. चौकटीवरून माप घेऊन नवा दांडा तयार.

भूपेश चंद्रपूरला पॉलिटेक्निकला जाऊ लागला, तेव्हा वाटेत कोळसा खाणीची वसाहत लागे. तिथे साहेबांचं गोल्फचं मैदान होतं. नावालाच मैदान. उन्हाळ्यात गवत जळून जाई, आणि चेंडू घालायच्या खड्ड्याभोवती हिरवळीऐवजी तेल कालवलेली वाळू. तिथे रीता मॅडम नावाच्या ठेंगण्या बाई नवऱ्याच्या जुन्या काठ्यांनी खेळत. काठी इतकी लांब, की चेंडूला लागणाऱ्या तिच्या पात्याचं टोक वर उचललं जाई आणि पात्याची टाच जमिनीत रुते. कुंपणाबाहेर सायकल टेकवून भूपेश पाहत उभा राहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "मॅडम, काठी तुमची नाई, दुसऱ्याची हाय. आमचे आबाजी कापून देतील."

बाई खरंच गावात आल्या. खोपडीच्या दारात बूट काढून उभ्या राहिल्या, झाडाकडे पाहिलं. नानाजींनी मापाबरहुकूम काठी कापून दिली. आठ दिवसांनी हसत हसत परत. "अरे, ही तर आता तोकडी झाली!"

नानाजी नि भूपेश एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी बाईंनीच पायाकडे बोट दाखवलं. त्या खेळत बूट घालून. बुटाचा तळ हिशेबात धरायचं दोघांच्याही मनात आलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे येणारा प्रत्येक माणूस अनवाणीच मोजला जाई आणि शेतातही अनवाणीच राबे. नानाजी इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मग पोकळ काठीच्या मुठीकडच्या टोकाला धावड्याची खुंटी ठोकून तिची लांबी वाढवली. काठी लहान-मोठी करताना पात्याचं वजन हाताला बदललेलं लागतं, हेही त्यात कळलं. तेव्हा भूपेशने तळ्यावर मासे धरणाऱ्या डोमाकडून जाळ्याची शिशाची वजनं मागून आणली, ठोकून पत्र्यासारखी पातळ केली आणि पात्याच्या पाठीला चिकटवली.

तिथून पुढे खाणीतले सगळेच साहेब खोपडीच्या दारात बूट काढू लागले. त्यातल्याच एकाने भूपेशला बंगळुरूच्या कारखान्याचा पत्ता दिला.

तिथे तो आता काठ्यांचे आराखडे करत होता. या सोळा दिवसांतही फोनवर रंजीताला समजावून सांगे, "आई, हे लोक उंच माणसाची काठी घेतात नि सगळं सारखं कमी करतात. ठेंगणा माणूस म्हणजे काय धुऊन आटलेला उंच माणूस हाय का? एकाचे हात लांब, एकीचे पाय लांब. मी मनगटावरून काठ्यांचा संच बनवून राह्यलो. आबाजीले सांग."

"सांगते," ती म्हणे. बी.ए. झालेली बाई ती, मुलाचं बोलणं तिला समजत होतं. पण आबाजींना निरोप आता कुठे पोचवायचा? बी.ए.च्या पुस्तकांत मात्र यावर उत्तर नव्हतं.

हे पहिल्यांदाच घडत नव्हतं. त्याच्या पॉलिटेक्निकच्या शेवटच्या परीक्षेच्या वेळी आजी गेली, कमळाआजी. तेव्हाही लपवलं होतं. तो पेढे घेऊन आला आणि दारातूनच त्याने आजीला हाक मारली. ती हाक रंजीताच्या कानांतून अजून गेली नव्हती. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "आई, आबाजीच्या वेळी असं करू नको. पहिला फोन मले." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं होतं.

नानाजी जाऊन पाच दिवस झाले असताना त्याचा फोन आला. "आबाजीसाठी काठी बनवतो, चालाची. कारखान्यात टाकून दिलेली एक नळी हाय, हलकी, मजबूत. मनगटापासून जमिनीपर्यंत माप पाठव. चौकटीवरचं नको, ते जुनं हाय. आता वाकले असतीन ना ते."

तिने चौकटीपाशी जाऊन फीत लावली. 'नानाजी' या खुणेखाली साडेएकतीस इंच. फीत गुंडाळून तिने कळवलं, "साडेतीस."

गेलेल्या माणसाला तिने आपल्या हाताने इंचभर वाकवलं.

लगेच पुन्हा फोन. "मोजलं तेव्हा पायात काय होतं त्यायच्या? अनवाणी का चपला?" आणि तो हसला. "रीता मॅडमसारखं होऊ नये म्हणून विचारलं."

खोपडीच्या पायरीशी नानाजींच्या चपला तशाच होत्या. उचलायचं कुणाला धैर्य झालं नव्हतं.

"चपला," ती म्हणाली.

"खोपडीत चपला घालून?"

"अंगणात मोजलं रे."

काल त्याचं काम साहेबांनी एकदाचं पाहिलं. त्याचा संच पसंत पडला. रात्री सांगू, असं लटारू म्हणाला. रात्री म्हणाला, उद्या सांगू, आज तरी त्याले खुश राहू दे. आणि आज दुपारी कुरिअरवाला लांब पुठ्ठ्याचं नळकांडं देऊन गेला.

शेजारच्या गोकुळाबाई कुंपणापाशीच होत्या. "काय आलं व?"

"भूपेशनं काठी पाठवली. मामाजींसाठी." सासऱ्यांना ती मामाजी म्हणे.

गोकुळाबाईंचा हात तोंडाशी गेला. मग त्या म्हणाल्या, "कितीक दिवस झाकशीन, रंजीता? उद्या पोरगं येईन नि आजीच्या वेळसारखी दारातूनच हाक मारीन."

काठी देखणी होती. राखाडी नळी, खाली रबरी बूड आणि वर मुठीला धावड्याचं लाकूड. मुठीखाली, रीता मॅडमच्या काठीच्या पात्यावर होती तशीच शिशाची एक पातळ पट्टी. म्हाताऱ्याचा हात थरथरतो, थोडं वजन असलं की काठी स्थिर राहते, असं त्याने लिहिलं होतं. त्याखाली: 'आबाजीले काठी धरून बाजूनं उभं करजो नि फोटो पाठवजो. कोपर किती वाकते ते पाहाचं हाय. जास्त वाकत असन तर मी येऊन कापून देतो.'

रंजीताने चिठ्ठी लटारूच्या हातात दिली. त्याने ती दोनदा वाचली. मग खुंटीवरचं धोतर काढलं.

"काय करता?"

"मी उभा रायतो. तोंड दिसू नको देऊ, कमरेपासून खालचा फोटो काढ. आठ दिवसांनी येईन तो, तेव्हा समोरासमोर सांगू. फोनवर नको."

तो धोतर नेसून अंगणात गेला. पायरीपाशी क्षणभर घुटमळला, मग बापाच्या चपलांत पाय सरकवून खोपडीच्या दारात बाजूला वळून उभा राहिला. मुठीवर हात ठेवला. काठी त्याला तोकडी पडत होती, कारण चौकटीवर 'लटारू' ही खूण वडिलांच्या खुणेपेक्षा दीड इंच वर होती, आणि खाली आणखी तिचा खोटा इंच. हात मुठीपर्यंत नेण्यासाठी त्याने खांदा पाडला, गुडघे मोडले, पाठ वाकवली.

"असेच उभे रायत होते ना ते?" त्याने विचारलं. तोंड त्याने भिंतीकडे केलं होतं, फोटोत येऊ नये म्हणून की तिला दिसू नये म्हणून, कोण जाणे.

रंजीताच्या हातातल्या फोनवर धोतर, चपला, काठी, सगळं नीट चौकटीत आलं होतं. बोट लावायचाच अवकाश. भूपेशने हा फोटो मोठा करून कोपर पाहिलं असतं, वहीत आकडा लिहिला असता आणि जिवापाड मेहनतीने दुसरी काठी केली असती.

"सरळ उभे राहा," ती म्हणाली.

"अव, पण..."

"वाकू नका. चपला काढा त्यांच्या."

तिने कॅमेरा बंद केला. भूपेश ओरडेल, रडेल, कदाचित महिनोन्महिने बोलणारही नाही. ते सगळं तिने मनात उभं करून पाहिलं. मग चौकटीवरच्या 'नानाजी' या खुणेपाशी जाऊन उभी राहिली आणि मुलाचा नंबर लावला.