चाकूरचा सेंटर फॉरवर्ड

आधी चहा घेऊन टाका. मी सांगायला लागल्यावर ठसका लागेल, चहा सांडेल आणि नाव माझं निघेल. अहो, चूक कुणाच्या हातून होत नाही? लग्नात कुणाची चप्पल बदलते, एसटीत कुणाची पिशवी बदलते. माझ्या हातून माणूस बदलला! जिताजागता, चष्मा लावलेला, बारावीत शिकणारा माणूस!

आता पहिल्यापासून ऐका.

मी तेव्हा नांदेडला कोर्टासमोर टायपिंग करायचो. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज बडवायचे आणि संध्याकाळी हॉटेलात बसून हॉकीवर बोलायचं. खेळायचं नाही हं! स्टिक मी आयुष्यात एकदाच हातात धरली, शाळेत, आणि ती माझ्याच नडगीवर मारून घेतली. पण बोलण्यात? बोलण्यात मला तोड नव्हती. बाकी महाराष्ट्र क्रिकेटनं येडा झाला तरी आमच्याकडं हॉकीचं येड जुनं. आमच्या क्लबची मॅच असली की मी ज्या कडेला उभा राहीन, त्या कडेच्या पंचाला घाम फुटायचा.

क्लबचे मॅनेजर होते गायकवाड सर. पाटबंधारे खात्यात नोकरीला. उंच, सावळे, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. जिल्ह्याच्या स्पर्धेआधी ते टीमची यादी क्लबच्या दारावर खिळ्याला अडकवायचे आणि सायकलवर बसून निघून जायचे. का घेतलं, का काढलं, कुणाला एक अक्षर सांगायचे नाहीत.

त्या साली यादी लागली आणि नांदेडात भूकंपच झाला म्हणा. गफारभाई गोलकीपर, पंधरा वर्षं गोलात उभा राहिलेला माणूस, बाहेर! सरांचा सख्खा भाचा, तोही बाहेर! आणि कळस म्हणजे आमचा सेंटर फॉरवर्ड संतोष जाधव, ज्यानं मागच्या साली एकट्यानं टीम फायनलला नेली होती, तोही बाहेर!

हॉटेलात नुसता गदारोळ.

"हा माणूस हाय का कसाई?" मी टेबलावर हात आपटला.

समोर खलीलभाई बसले होते. क्लबच्या जर्सी तेच शिवायचे. ते शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाले, "मुकुंदराव, जरा धीर धरो. गफार की उमर देखो. गुडघा धरून उठतो तो. टीम है, पेन्शन का दफ्तर थोडी है?"

"आन् संतोषचं काय? त्याचा बी गुडघा दुखून राहिला का?"

"वो मुझे भी समझा नहीं," खलीलभाई म्हणाले.

"मी सांगतो ना!" तात्या पुढं सरकले. तात्या म्हणजे एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीचं आतलं कारण असायचं. "पोरगं उलटं बोललं असंल सरांना. ह्या माणसाला उलटं बोललेलं चालत न्हाई. भाच्याला काढलं की न्हाई? घरात बी तसाच असंल तो."

"भाच्याला काढलं म्हंजे पक्षपात तर न्हाई ना करत," खलीलभाई म्हणाले.

"न्हाई कसा? उलटा पक्षपात हाय हा!" मी म्हणालो. ह्याचा अर्थ काय, मला आजही माहीत नाही. पण टेबलावर तीन माणसांनी मान डोलवली.

आता संतोषचं असं होतं, की जूनमध्ये त्याला घरच्यांनी बारावीसाठी लातूरला टाकलं होतं. तेव्हा पोरं लातूरला शिकायला टाकायचं ते नुकतंच सुरू झालेलं. लातूरकडच्या त्या खऱ्या भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती. आधी लातूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं पडकी घरं यायची, आता क्लासच्या पाट्या यायला लागल्या होत्या. ज्याचं त्याचं पोरगं पेटी-बिछाना घेऊन लातूरला! तरी आमचा संतोष ऑगस्टपर्यंत दर रविवारी एसटीनं येऊन खेळून जायचा. अशा पोराला काढायचं?

आणि तिथंच माझ्या डोक्यात ती भन्नाट कल्पना आली.

"रविवारी सेमीफायनल हाय," मी म्हणालो. "शनिवारी मी लातूरला जातो आन् संतोषला घेऊनच येतो. बूट घालून पोरगं मैदानावर उभं राहिलं, चार हजार पब्लिक ओरडलं, तर सर काय करतील? घ्यावंच लागंल!"

"होस्टेलवाले सोडतील का?" तात्यांनी विचारलं.

"आजी सिरीयस हाय म्हणतो. मी मामा हाय म्हणतो. कोण अडवतंय?"

खलीलभाईंनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, डोकं दुखत असेल.

शनिवारी दुपारी मी लातूरला, होस्टेलच्या दारात. रेक्टर म्हणजे जाड काचांचा, जाड आवाजाचा माणूस. मी तोंड पाडून म्हणालो, "संतोष जाधवचा मामा हाव मी. बारावीला हाय तो. त्याची आजी सिरीयस हाय. न्यायला आलोय."

रेक्टरनं विचारलं, "कुठला संतोष?" मी तोंड उघडतोय न उघडतोय तोच आतल्या शिपायानं माईक हातात घेतलासुद्धा! सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेलं, "संतोष जाधव, खाली या. तुमची आजी सिरीयस आहे. मामा न्यायला आले आहेत."

जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली. आणि एक पोरगा खाली आला. काडीसारखा, डोळ्याला चष्मा, एका पायात चप्पल, हातात फिजिक्सची वही. आल्या आल्या त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"आजीला काय झालं?"

मी त्याच्या मागं जिन्याकडं बघितलं. हा कोण? आमचा संतोष कुठाय? (नंतर कळलं, त्या होस्टेलात दोन संतोष जाधव होते आणि आमचा तेव्हा केमिस्ट्रीच्या दुसऱ्या क्लासला गेलेला.)

आता तुम्ही म्हणाल, तिथंच सांगून टाकायचं ना, बाबा, हा तो नव्हे? अहो, सांगणार होतो! "हा न्हाई..." एवढं म्हणालोसुद्धा. पण पोरगं ओक्साबोक्शी रडायला लागलेलं. रेक्टरचा जाड आवाज एकदम मऊ झाला. "हे बघा, हा न्हाई येत म्हणला तरी तुम्ही न्याच त्याला. अभ्यास काय, होत राहील." म्हणत त्यांनी रजिस्टर पुढं केलं. खरं बोललो तर आमच्या संतोषची आजीपण खोटी निघणार. मी मुकाट्यानं सही केली. नात्याच्या रकान्यात लिहिलं, मामा.

"मामा, मी तुम्हाला ओळखलं न्हाई," पोरगं रस्त्यात म्हणालं.

"लांबचा हाय मी," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. नांदेड चांगलंच लांब आहे.

गाव कुठलं, तर चाकूर. लातूर-नांदेड रस्त्यावरच. मी ठरवलं, गाडीत बसल्यावर शांतपणे सगळं सांगायचं. पण गाडी सुटली आणि पोरगंच बोलायला लागलं. आई-बाप रानात, त्याला आजीनंच वाढवलं. भूकंपानंतर महिनाभर कुणी घरात झोपत नव्हतं, तेव्हा आजी त्याला अंगणात आपल्या गोधडीत घेऊन झोपायची आणि जमीन हलली की त्याच्या कानावर हात ठेवायची. "मामा, तवापासून कुणी घाईनं हाक मारली की मी असंल तसा पळत सुटतो," तो म्हणाला.

मी हॉकीच्या एका मॅचसाठी ह्या लेकराच्या काळजाशी खेळलो होतो. बाहेर बघायचं निमित्त करून मी डोळे पुसले.

चाकूरच्या स्टँडवर उतरलो आणि मला राहवलं नाही. त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बाळा, ऐक. तुझ्या आजीला काही झालेलं न्हाई. ती ठणठणीत हाय."

पोरानं चष्मा काढला.

"म्हंजे... म्हंजे आजी गेली?"

"आरं न्हाई! बरी हाय म्हणतोय ना!"

"तुम्ही मला धीर देऊन राहिले!" आणि असा टाहो फोडला, की स्टँडवरची उसाच्या रसाची दोन गुऱ्हाळं थांबली! माणसं गोळा झाली. एकजण ओळखीचा निघाला. "आरं, हा गयाबाईचा नातू! काय रे, गयाबाई गेली?" मी जेवढ्या जोरात नाही नाही म्हणत होतो, तेवढी लोकं मला सावरत होती. एकानं तर मला पाणी पाजलं. दुसरा सायकलवर टांग टाकून पुढं खबर द्यायला सुटलासुद्धा.

आम्ही घरी पोचलो तोवर दारात पंधरा-वीस माणसं. बायका भिंतीला टेकून रडत होत्या. आत कुणी नव्हतं, पण ते बघायची फुरसत कुणाला होती?

आणि समोरून, हातात मेथीच्या दोन जुड्या घेऊन, एक म्हातारी खडखडीत पावलं टाकत आली. गर्दी बघून थबकली. जवळच्या बाईला हळूच म्हणाली, "काय गं, कोण गेलं?"

"गयाबाई गेली की गं," ती बाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. मग तिनं पदर बाजूला केला, वर बघितलं आणि जी किंकाळी मारली!

पुढचं काय सांगू? पोरगं जाऊन आजीला बिलगलं ते सोडेचना. म्हातारीनं त्याची पाठ थोपटली आणि नातवाच्या डोक्यावरून सगळ्या गर्दीकडं नजर फिरवली. "माझ्या मरणाची खबर कुणी आणली?"

वीस बोटं माझ्याकडं वळली.

मी सगळं सांगितलं. उभ्यानं, सगळ्या आळीसमोर. यादी, गायकवाड सर, संतोष, दुसरा संतोष, आजी सिरीयस. माझ्या अंगावर कोण धावून येतंय ह्याची वाट बघत होतो. म्हातारी मात्र सगळं नीट ऐकून घेत होती.

"मंजी, एका पोराला खेळातून काढलं म्हणून तू एवढं केलंस?"

"हाव, आजी."

"का काढलं त्याला?"

"ते... ते ठाव न्हाई."

"काढणाऱ्याला इचारलंस?"

अहो, खरंच! आठ दिवस आम्ही त्या माणसाला कसाई, हुकूमशहा, काय काय म्हटलं. पण का काढलं, हे जाऊन विचारावं असं एकालाही सुचलं नव्हतं.

"बस खाली," म्हातारी म्हणाली. "मेथीची भाजी करते. लेकरू चार महिन्यानं घरी आलंय. येड्या, तुझ्यामुळं आलंय, म्हणून मार न देता जेवाया घालते." त्या दिवशी तिनं मला जाऊ दिलं नाही. मी एका खोट्या आजीसाठी निघालो होतो आणि खऱ्या आजीच्या हातच्या भाकरी मला गिळवत नव्हत्या.

रविवारी संतोषच्या वडिलांनी त्याला लातूरला नेऊन सोडलं, रेक्टरला काय सांगायचं ते तेच सांगतो म्हणाले. मी नांदेडची गाडी धरली. मैदानावर पोचलो तोवर मॅच संपली होती. आम्ही एका गोलनं हरलो होतो. पब्लिक गायकवाड सरांच्या नावानं ओरडत बाहेर पडत होतं. मैदानात सर एकटेच वाकून बॉल गोळा करत होते.

मी गेलो आणि चार बॉल उचलून दिले. मग विचारलं, "सर, संतोषला का काढलं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पंधरा वर्षांत त्यांना कुणी हे विचारलंच नव्हतं बहुतेक.

"त्यानंच सांगितलं काढा म्हणून. मला म्हणला, आई म्हणती ह्या साली अभ्यास कर. मी सोडलं म्हणलो तर लोकं मला भित्रा म्हणतील, सर, तुम्हीच काढा. रडत होतं पोरगं. मी म्हणलो, बरं, काढतो."

"आन् गफारभाई?"

"त्याला डॉक्टरनं सांगितलंय, आणखी एक मार बसला तर चालता येणार न्हाई. ते त्याला चारचौघांत सांगायचं न्हवतं."

"आन् तुमचा भाचा?"

"त्याला खेळता येत न्हाई."

"मग लोकांना सांगा की हे, सर! एवढ्या शिव्या खाऊन राहिलात..."

"मी खाल्लेल्या बऱ्या," ते म्हणाले. "ते माझं काम हाय. पोरांचं न्हाई. तुम्ही बी कुठं बोलू नका." (इतकी वर्षं बोललो नाही. आता संतोष दोन पोरांचा बाप झालाय, गफारभाईही हसत सांगतो, म्हणून सांगतोय.)

मला भडभडून आलं. मी त्यांना लातूरची, चाकूरची सगळी हकीकत सांगून टाकली. सर ऐकत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. गायकवाड सर हसत होते! मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

"म्हंजे मुकुंदराव," ते डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही आयुष्यात एकदा एकच खेळाडू निवडायला गेले, तर चाकूरचं रडणारं पोरगं घेऊन आले?"

"हाव, सर."

"मग असं करू. पुढच्या सालची यादी तुम्हीच करता का?"

त्यांनी चेष्टेनं विचारलं होतं हो. ते मला कळत होतं. पण तुमच्यापासून काय लपवायचं? मी खिशातून पेन काढला होता!