आक्काच्या अंगणातली माळायची फुलं

"मोगऱ्याची कुंडी न्यायला ये, न्हायतर कुणाला तरी देऊन टाकतो," असा हुपरीहून आक्काचा फोन आला आणि मी दुसऱ्याच दिवशी पुण्याहून निघाले. (कोल्हापूरकडच्या बायका 'टाकतो'च म्हणतात, दचकू नका.) आक्का माझी मावसबहीण. मोगरा म्हणजे तिचा जीव की प्राण. दाजी गेले त्याला वर्ष होत आलं. काही झालं तरी ती कुंडी तिला देऊन टाकू द्यायची नाही, हे ठरवूनच गेले.

हायवेचं काम अजून चालूच आहे, तेव्हा पहाटेची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. कोल्हापूर स्टँडजवळ मिसळ खाल्ली, नाकातोंडातून पाणी आलं. हुपरीच्या गाडीत कंडक्टर एकावर ओरडत होता, "पावणं, पिशवी मांडीवर घ्या की! तिचं तिकीट काढलंय व्हय?" गाडीभर हसू. मीही हसले.

आक्काच्या अंगणात पाऊल टाकलं आणि हसू पळालं. अबोलीचा वाफा साफ. शेवंती नाही, वेणीत घालायला लावलेला मरवा नाही. सगळीकडे जास्वंद, तगर, कण्हेर. नव्यानं बाग करणाऱ्यांनी खरं तर हीच लावावीत. तगर एखाद्या दिवशी पाणी विसरलात तरी रुसत नाही, जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण तेवढा बघायचा. पण आक्काकडे ही फुलं देवापुरती, एका कोपऱ्यात असायची. बाकी सगळी बाग केसांत माळायच्या फुलांची.

"आक्का, अगं अबोली कुठाय?"

"काढली. आता माळायची कुणी?"

"तू माळ की! कोण काय म्हणालं तुला?"

"म्हणत कोण न्हाय गं. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला फुलं न्यायच्या, त्या येईनात. मोगरा भरून येतोय आणि खाली पडतोय. झाडताना जीव तुटतोय बघ."

माझं डोकंच फिरलं. जळ्ळं मेलं ते हळदीकुंकू! संध्याकाळच्या आत ओंजळभर कळ्या तोडल्या, गजरा केला आणि तिच्या अंबाड्यात खोचला. तिनं हात मागं नेला, गजरा चाचपला, बोटं हुंगली. मला वाटलं, जिंकले. मग तिनं तो हळूच काढला आणि माझ्या केसांत माळला.

"तुझ्यावर शोभतंय," म्हणाली. मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती नाही रडली.

मला तिला पटवता आलं नाही. परतीच्या गाडीत कुंडी मांडीवर घेऊन बसले. तुम्हीही कधी कुंडी नेणार असाल तर आदल्या दिवशी पाणी घालू नका, ओझं कमी होतं.

मोगऱ्याला कडक ऊन लागतं, म्हणून पुण्यात गच्चीवर ठेवला. काही दिवस रुसला, मग फुलला. गजरा माळून आक्काला व्हिडिओ कॉल लावला. वाटलं, खूश होईल. तिनं मोबाईल अगदी डोळ्यांजवळ धरला.

"हिकडं पाठ कर. गजरा बघू दे."

मी पाठ फिरवली. बराच वेळ उभी राहिले. पाय अवघडले, तरी ती 'बास' म्हणेना.