गळ्यावरची गाळणी

सित्स्के अंगणात कोंबड्यांना हाका मारू लागली की पार समुद्राच्या बांधावरच्या मेंढ्या माना वर करायच्या. "हळू गं, हॉलंडभर ऐकू जातंय!" असं तिचा नवरा येल्मर चिडवायचा. तोच आवाज कॅन्सरने नेला. डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्र काढलं आणि श्वासासाठी गळ्याच्या खळगीत एक भोक ठेवलं.

घरी सोडताना नर्स इम्काने त्या भोकावर बसवायची छोटीशी गाळणी दिली. "सित्स्केबाई, नाक हवा गाळतं, गरम करतं, ओली करतं. तुमची हवा आता नाकात जातच नाही, सरळ आत शिरते. श्वासनळीत चिकट ओलावा असतो, धूळ न् जंतू त्यात अडकतात, आणि केसांहून बारीक तंतू ती घाण वर ढकलत राहतात. ओलावा सुकला की त्यांचं काही चालत नाही. आता नाकाचं काम ही गाळणी करते, ती काढायची नाही हं."

घरी आल्यावर सित्स्केला सगळ्याची धास्ती बसली. अंघोळीचं पाणी, उडणारं पीठ, एखादी माशीसुद्धा. गळ्यावर सारखा हात. पण गाळणीनेही जीव कोंडल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी पूर्वेचा कोरडा, बोचरा वारा सुटला होता. खुराड्यातला पेंढा बदलायचा म्हणून ती गेली, आणि धाप लागली तशी तिने गाळणी काढून खिशात टाकली. किती बरं वाटलं! काम होईपर्यंत ती तशीच राहिली, मग गाळणी परत बसवली.

दुपारी चुलीवर वाटाण्याचं सूप ढवळताना गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मग तोही थांबला. हवा आत येईना. तिने तोंड उघडलं, पण तोंडातून हवा घ्यायची वाटच उरली नव्हती. ओरडावं तर आवाज नाही. येल्मर गोठ्यात होता. तिने पातेलं उचलून खिडकीवर फेकलं. काच फुटली.

येल्मर धावत आला. तिचे निळे ओठ पाहून त्याने गळ्यावरची गाळणी उपटून काढली. आत काही सुकून अडकलं तर सैल करायला म्हणून इम्काने दिलेलं मिठाचं पाणी त्याने भोकात सोडलं. "खोक, सित्स्के! अगं खोक की गं!"

ती कमरेत वाकून खोकली. काहीच नाही. त्याने पुन्हा पाणी सोडलं. डोळ्यांपुढे अंधार येत असताना छातीतून एक जोराची उबळ उठली आणि खपलीसारखा कडक, तपकिरी गोळा फरशीवर पडला. त्यात पेंढ्याची कुसळं होती. हवा सूं करून आत शिरली.

दोघं जमिनीवरच बसून राहिली. "मेलीस असं वाटलं मला," येल्मर रडत म्हणाला. तिने ओठ हलवले: "मलाही."

कोंबड्या त्यांनी शेजारणीला देऊन टाकल्या. सित्स्के पुढे बरीच वर्षं जगली. डॉक्टरांनी नंतर गळ्यात बसवलेल्या छोट्या नळीतून घशात हवा वळवून घोगरं बोलायलाही शिकली. पण वारा पूर्वेचा झाला की ती बोलता बोलता थबकायची, गळ्यावर तळवा धरून आपलाच श्वास ऐकत राहायची.