पाच जणांची किंकाळी

माझी मावशी पोटापाण्यासाठी किंचाळायची. सिनेमात जिन्यावरून कोणी गडगडतं, कपाटातून प्रेत पडतं, तेव्हा तोंड नटीचं उघडतं आणि आवाज पुष्कळदा मावशीचा असतो. लहानपणी या आवाजापायी तिनं घरात बोलणी खाल्ली होती. आजी म्हणायची, ही कुजबुजली तरी गल्लीच्या टोकाचा वाणी काय देऊ म्हणून विचारतो. पुढे त्याच आवाजावर तिनं मुलींची शिक्षणं केली, तेव्हा आजीनं ते वाक्य गिळलं.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, ग्रंथालयात कामाला होते. दिवसभर ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसायचं आणि संध्याकाळी घरी यावं तर ही स्वयंपाकघरात सराव करतेय. शेजारी नवीन राहायला आलेल्यांनी एकदा पोलिसांना बोलावलं. काकांनी दार उघडून त्यांना सांगितलं, की बायको कामात आहे, बसता का जरा.

अशा या मावशीला एका भयपटाच्या दिग्दर्शकाचं बोलावणं आलं. गृहस्थ स्टुडिओतल्या अंधारातही काळा चष्मा लावून बसले होते. त्यांनी गोष्ट सांगितली. पाच तरुण कॅमेरे घेऊन बंद पडलेल्या इस्पितळात भूत शोधायला जातात आणि परत येत नाहीत. पुढे कोणाला तरी त्यांचे कॅमेरे सापडतात, आणि त्यातलं चित्रण म्हणजेच हा सिनेमा. त्यामुळे यात प्रकाशयोजना नाही, संगीत नाही. मावशीच्या मते कथाही नव्हती, कारण ती त्या कॅमेऱ्यांत सापडली नव्हती.

पाचही नट चित्रीकरणाच्या वेळी आपापल्या परीनं ओरडले होते, पण ते ऐकून त्यांना डास चावला असावा असं वाटत होतं. तेव्हा पाचही जणांचं मावशीनं ओरडायचं होतं, त्यातले दोन मुलगे धरून.

ती काचेमागे माइकसमोर उभी राहिली. पडद्यावर एक बोळ हलत होता. मग कोणाचे तरी बूट, मग चाकांची खुर्ची, मग पुन्हा बूट. मुलगी वळणावर थबकते आणि किंचाळते. मावशीनं विचारलं, हिला काय दिसलं?

“काहीतरी,” दिग्दर्शक म्हणाले.

“काहीतरी बघून कोणी किंचाळत नाही हो. माणूस पाल बघून किंचाळतो. सासू बघून गप्प बसतो.”

दिग्दर्शकांनी तिला समजावलं, की भूत म्हणजे एक जाणीव आहे, ती तुम्ही आतून शोधा. खरी गोष्ट अशी, की भूत कसं असावं हे त्यांचं ठरलंच नव्हतं आणि चित्रीकरण तर संपलं होतं.

मावशी कामाला चोख. नाही दिलं भूत, तर आपलं आणू, असं तिनं ठरवलं. तिच्याकडे एक होतंच, हे तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. आजोबा इस्पितळात होते तेव्हा ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी हिला पाहिलं, आणि जवळ न येता कोटाच्या टोकानं चष्मा पुसत राहिले. ती समजली. पण आजूबाजूला नातेवाईक मंडळी पेंगत होती, म्हणून तिनं तोंडावर पदर दाबला. त्या दिवशी जे आत राहिलं ते तिनं आता माइकसमोर सोडलं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसानं कानावरचं यंत्र काढून ठेवलं आणि स्वतःसाठी पाणी मागवलं.

सिनेमा लागला तेव्हा पहिल्याच दुपारच्या खेळाला आम्ही सगळे गेलो. दीड तास कॅमेरा असा हलत होता, की भुतालाही मळमळलं असतं. दारं उघडत होती, त्यांच्यामागे दुसरी दारं होती. ‘तू ते ऐकलंस का?’ हा प्रश्न इतक्यांदा आला, की मागच्या रांगेतून कोणीतरी ‘हो’ म्हणून टाकलं. आणि शेवटी ती किंकाळी आली. पडद्यावर तेव्हा काय होतं? एक पडदा जरासा हलला, कॅमेरा खाली पडला आणि बुटाचा तळवा दिसत राहिला.

“बूट चावला वाटतं,” कोणीतरी म्हणालं. सगळं थिएटर खदखदून हसलं. मावशी समोर बघत बसली होती. काकांनी तिची पर्स उचलून मांडीवर घेतली, एवढंच.

खेळ संपल्यावर दिग्दर्शक प्रेक्षकांशी बोलायला पुढे आले. भूत का दिसलं नाही, असं एकानं विचारलं. न दिसणारं भूतच खरं भयंकर, ते प्रेक्षकाच्या मनात असतं, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा मावशी उभी राहिली. तिला माइक लागला नाही.

“त्या बुटावर जी किंकाळी आहे ती माझी. माझ्या वडिलांच्या मरणातून काढून दिली होती मी तुम्हाला. तुमच्याकडे दाखवायला काही नव्हतं तर तसं सांगायचं. मी शिंकले असते.”

मघाशी हसलेली माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. दिग्दर्शक मात्र कसले ओशाळतात. ते चष्म्याआडून हसले आणि म्हणाले, बघा, मी म्हणत होतो ते न दिसणारं भूत हेच. टाळ्या पडल्या, त्याही त्यांनाच.

घरी आल्यावर काकांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, “त्या बाकावर तुझ्या शेजारी मीच होतो. मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही झोपला होतात,” मावशी म्हणाली.

काकांनी मान हलवली. त्या संध्याकाळी ते ग्रंथालयातलं कुठलंच पुस्तक उघडून बसले नाहीत. दोघं गच्चीवर जाऊन बसली, आणि काय बोलली ते मला कधी कळलं नाही.

पुढच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आलं, ‘मृत्यूच्या दारातली खरी किंकाळी’. मावशीला ते छापायचं कोणी विचारलं नव्हतं. ती भांडायला निघाली, पण तोवर सिनेमाच उतरला होता. भांडण कोणाशी करणार? भयपटाचं काम मात्र तिनं पुन्हा घेतलं नाही.

सध्या ती मुलांच्या एका कार्टूनपटात कोंबडी आहे. त्या दिग्दर्शिकेनं ध्वनिमुद्रणाआधी कोल्ह्याचं चित्र तिच्या हातात दिलं, आणि मावशीनं ते दोन दिवस स्वयंपाकघरात लावून ठेवलं. परवा मी तो सिनेमा पाहून आले. कोल्हा खुराड्यात शिरला आणि कोंबडी ओरडली, तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं पाय वर घेऊन खुर्चीत आक्रसून बसली होती. हसलं कोणी नाही.